मुदत

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट गच्चीवर नेतो. घरात उघडलं तर वर्षाची धूळ घरभर होते, आणि ऐन दसऱ्यात ती कोणी काढायची यावर वाद. आमच्या मागच्या भिंतीला लागून चार मागांचा कारखाना आहे, टॉवेल निघतात. त्यामुळे आमच्या धुळीत निम्मं कापसाचं तूस असतं. ब्लोअर मारला की कॅबिनेटमधून मळक्या कापसाचे पापुद्रे उडतात. मग पत्रे पुसायचे, पंख्याची पाती जुन्या टूथब्रशनं घासायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर सगळं ओळीनं मांडायचं. कॅबिनेट, प्रिंटर, स्कॅनर, मोठी कात्री, कटर आणि आप्पांचा एक पाना. आप्पा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा एवढा एकच पाना त्यांनी घरी आणला. कसा आणला, हे घरात कोणी विचारलं नाही.

गेल्या खंडेनवमीला ब्लोअर मारताना एसएमपीएसच्या कुशीवरचं स्टिकर उघडं पडलं. त्यावर बारक्या अक्षरात बनावटीचा महिना होता : जून २०१४. मी बोटांवर मोजलं. अकरा वर्षं. एवढ्या काळात घरातला मिक्सर दोनदा बदलला, फ्रिज एकदा, माझा चष्मा चारदा. यूपीएसची बॅटरी किती वेळा बदलली ते आठवत नाही. हा डबा मात्र कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात चार स्क्रूंवर होता तसाच लटकून होता, आणि त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

एसएमपीएस म्हणजे काय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘करंट देतंय ते’ एवढं तो सांगतो, आणि ते खोटं नाही. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास फेऱ्या मारणारी वीज. कॉम्प्युटरला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ, शांत वीज. मधलं सगळं काम या विटेएवढ्या डब्याचं. तो आलेली वीज आधी सरळ करून सव्वातीनशे व्होल्टवर एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. मग सेकंदाला कित्येक हजार वेळा तिचे तुकडे पाडतो आणि त्या तुकड्यांतून हवे तेवढे व्होल्ट मोजून बाहेर देतो. असे तुकडे पाडत असल्यामुळेच आत जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यातल्या डब्याची ताकद ६३.५ वॅट होती, आपल्या साध्या पिवळ्या बल्बाहून किंचित जास्त. आज खेळ खेळणाऱ्या पोरांना एकट्या ग्राफिक कार्डासाठी त्याच्या पाचपट लागते.

मला खेळ खेळायचे नसतात. मी लग्नपत्रिका करतो. साखरपुड्याच्या, वास्तुशांतीच्या, बारशाच्याही, पण घर चालतं लग्नपत्रिकांवर. सोलापुरात एका पत्रिकेत मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही लिप्या लागू शकतात. मुलाचं आजोळ विजापूरकडचं आणि मुलीची आत्या वरंगळकडची, असं असलं की नावांची यादी तीन लिप्यांत वाटली जाते आणि कोणाचं नाव वर यावर रात्री अकराला फोन येतो. हे सगळं काम पेजमेकर आणि श्रीलिपी या जोडीवर चालतं. माझ्याकडच्या जुन्या श्रीलिपीचं लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसतं, आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. वीस-बावीस वर्षांच्या फायली त्या फाँटात आहेत. पोरगा म्हणतो, ‘बाबा, युनिकोडवर या.’ आलो की. व्हॉट्सॲपवर आहेच मी. पण अठ्ठावीस नावांची पत्रिका रात्रीत दुरुस्त करून हवी असते, तेव्हा हात जुन्या बोर्डावरच चालतो. म्हणून २०१४ साली हे पोर्ट असलेला मदरबोर्ड हुडकून हा कॉम्प्युटर जोडून घेतला, आणि इंटरनेटची वायर त्याला आजवर लावलेली नाही.

तर प्रश्न असा. कॉम्प्युटर चालू आहे. डबा चालू आहे. बदलावा का?

आमच्याकडे एक मुलगा येतो दुरुस्तीला. वडील मागावर, हा पॉलिटेक्निक करून कॉम्प्युटरच्या धंद्यात. हात चांगला आणि जीभ खरी. त्याला बोलावलं. त्यानं मल्टिमीटर काढला, पिवळ्या वायरीवर एक टोक, काळ्यावर दुसरं. ११.८६. लाल वायर ५.०६. नारिंगी ३.३१. त्यानं मीटर माझ्यापुढे धरला.

“चालायलंय की काका. ओके आहे एकदम.”

“अकरा वर्षं झाली रे.”

“व्हय की. पण कशाला बदलता? बंद पडू द्या, मग बघू. सीझनला एक फोन मारा, तासाभरात येतो.”

त्याचं चूक नव्हतं. बारा व्होल्टला पाच टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. माझा आकडा मधोमध होता. आणि न मोडलेली वस्तू बदला म्हणून सांगणारा दुरुस्तीवाला मलाही आवडला नसता. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. वाहिनीतून येणारं पाणी संथ येतंय की हिसके देत येतंय, हे रात्रीतून भरलेल्या टाकीकडे बघून कळत नाही, तसंच. या विजेला हिसके किती चालतील त्याचंही माप ठरलेलं आहे. बाराच्या तारेवर १२० मिलिव्होल्ट, पाच आणि ३.३ च्या तारेवर ५०. ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो. तो त्या मुलाच्या पिशवीत नाही आणि माझ्या ओळखीच्या एकाही दुकानात मी तो पाहिलेला नाही.

‘बंद पडू द्या’ या तीन शब्दांशी माझं जुनं भांडण आहे. ते सांगायला २००९ च्या मे महिन्यात जावं लागेल.

तेव्हाचा माझा कॉम्प्युटर २००२ चा. लोडशेडिंगचे दिवस होते. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. घड्याळाऐवजी पंख्याकडे बघून वेळ ओळखायची. दुपारी लाइट आली की अख्खी गल्ली एका क्षणी जागी व्हायची. फ्रिज, कूलर, पाण्याच्या मोटारी, माग, सगळं एकदम वीज ओढायला लागायचं. बल्ब आधी तांबडा व्हायचा, मग डोळे दिपतील असा पेटायचा, मग जागेवर यायचा. जाणती माणसं लाइट आल्यावर पाच मिनिटं काही चालू करायची नाहीत. त्या दुपारी मी जाणता नव्हतो. एक निवृत्त कन्नड शिक्षक सिद्धेश्वर यात्रेतल्या सात नंदीध्वजांच्या मानाविषयी लिहीत होते, त्यांच्या पुस्तकाची २१२ पानं टाइप झाली होती आणि त्याच संध्याकाळी मुद्रितं द्यायची होती. लाइट आली, मी बटण दाबलं. आतून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि कुजक्या माशासारखा वास आला.

एसएमपीएस गेला असता तर साडेचारशे रुपये गेले असते. तेवढ्यालाच घेतलेला होता तो. पण तो एकटा गेला नाही. जाताना त्यानं पाच व्होल्टच्या तारेवर किती सोडले ते त्यालाच ठाऊक, मदरबोर्ड गेला आणि हार्ड डिस्कच्या खालच्या पट्टीवर एक काळा ठिपका उमटला. सीडीवर बॅकअप होता, फेब्रुवारीपर्यंतचा. चांगल्या डब्यात जास्त व्होल्ट निघाले की स्वतःला बंद करण्याची सोय असते. साडेचारशेच्या डब्यात ती छापलेली होती, बसवलेली नव्हती.

शिक्षकांना सांगायला मीच घरी गेलो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हस्तलिखिताची कापडी पिशवी घेऊन पायऱ्या चढून आले, टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं. मी सगळं पुन्हा टाइप केलं, पैसे एकदाच घेतले. पण पिशवी ठेवतानाचा त्यांचा तो हात अजून दिसतो.

आप्पा तेव्हा होते. फटाक्याच्या आठवडाभर आधीच मी त्यांना म्हणालो होतो की कॉम्प्युटरला काहीतरी होतंय, पहिल्या बटणाला चालू होत नाही, दुसऱ्याला होतो. आप्पांनी कॅबिनेटच्या पाठीवर तळहात ठेवला होता, जसा ते बेअरिंगवर ठेवायचे. मग कान लावला. “गार आहे. आवाज पण नाही. काही होत नाही त्याला,” म्हणाले. तीस वर्षं ज्या हातानं मागाच्या शाफ्टचा ताप ओळखला त्या हाताचा तो निर्वाळा होता, आणि मी तो मानला. बेअरिंग मरायच्या आधी तापतं, कुईकुई करतं, तेल मागतं. पट्टा तुटायच्या आधी कडेला उसवतो. गिरणीतलं बहुतेक सगळं सामान तक्रार करत मरायचं, आणि फिटरचं अर्धं शिक्षण ती तक्रार ऐकण्याचं असायचं.

एसएमपीएसही तक्रार करतो. पण ती तो दुसऱ्याच्या नावावर नोंदवतो. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

हल्लीचंच घ्या. वर्ष-दीड वर्षापासून लाइट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. यूपीएसवाला आला, बॅटरी बदलून गेला. पुन्हा तेच. पुन्हा बॅटरी. शिव्या बॅटरीला. खरं काय होतं? लाइट गेली की साधा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो, दहाच्या आतबाहेर. तेवढा वेळ कॉम्प्युटर जगतो तो एसएमपीएसमधल्या त्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर. नव्या डब्याचा साठा पूर्ण भारावर निदान १६-१७ मिलिसेकंद पुरावा अशी अपेक्षा असते. आपल्या विजेची एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ एक फेरी चुकली तरी त्याला कळू नये. कपॅसिटर म्हातारा झाला की साठा आटतो. सोळाचे बारा, बाराचे आठ. मग यूपीएस वेळेवर येऊनही उशिरा येतो. मी दोन बॅटऱ्या विनाकारण बदलल्या, असं आता वाटतं.

तसंच रॅमचं. कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसतो, मेकॅनिक रॅम काढून खोडरबरानं घासतो आणि परत लावतो, कॉम्प्युटर चालू होतो. खोडरबराला पुण्य मिळतं. तसंच प्रिंटरचं. लेझर प्रिंटर गरम व्हायला लागला की खोलीतला दिवा लवतो, आणि त्या लवण्यात कॉम्प्युटर विझला तर आपण प्रिंटरला बोलतो. डिसेंबरात पहाटे पत्रिकेचं काम निघतं, बटण दाबलं तर काही नाही, दहा मिनिटांनी आपोआप ठीक. थंडीत कुरकुरतं, म्हणतो आपण, म्हाताऱ्या माणसाबद्दल म्हणावं तसं. ते मात्र खरंच तसं असतं. थकलेल्या कपॅसिटरमधला द्रव गारठ्यात आणखी आळसतो.

आणि सगळ्यात जास्त बोल लागतात महावितरणला. त्यातले काही रास्तच आहेत. पण ऋतू बदलला आहे, हेही म्हटलं पाहिजे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा देश एका वारंवारतेवर चालतो आणि त्याची गाठ आमच्या गावाजवळ मारलेली आहे. होटगीकडे फताटेवाडीला एनटीपीसीची प्रत्येकी ६६० मेगावॅटची दोन युनिटं उभी आहेत. एवढं होऊन आमच्या गल्लीतली तार पाऊस आला की खांबावर ठिणग्या टाकतेच, ती गोष्ट वेगळी. मोठ्या तारेचं आणि छोट्या तारेचं खातं एक नसतं.

एक उलटी केसही सांगतो, नाहीतर डब्यावर अन्याय होईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि लोक एसएमपीएस बदलून घेतात. तो दोष बहुधा त्याचा नसतो. डब्यातल्या गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात, आणि ती तार पुढे कुठेच जात नसेल तर पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट येऊन बसतात. नवा डबा लावला तरी झिणझिण्या तशाच. सोलापूरची जमीन वरून काळी, खाली खडक. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असला तरी उन्हाळ्यात वाळतो, त्यात पाणी ओतावं लागतं. आता नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यातली घागर कोण खड्ड्यात ओतणार? मी ओततो. बायको वर बघते.

तर आप्पांचा हात चुकला, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा जुन्या गिरणीवरून जाताना वेगळंच आठवलं. सोलापूरची ही पहिली मोठी गिरणी १८७७ ची. गिरण्यांचं बाकी काही उरलं नाही तरी धुरांडं लोकांच्या डोळ्यांपुढे असतं, आणि धुरांडं म्हणजे बॉयलर. बॉयलरला आप्पा कधी हात लावून बघायचे नाहीत. बॉयलर तक्रार करत नाही, तो एकदाच बोलतो. म्हणून त्याला १९२३ चा कायदा होता. वर्षातून एकदा थंड करायचा, रिकामा करायचा, इन्स्पेक्टर आत शिरणार, पाण्याच्या दाबावर तपासणार, मगच पुढच्या मुदतीचं सर्टिफिकेट. चालू आहे की, कशाला थांबवता, असं तिथे मालकालाही म्हणता यायचं नाही. आप्पांच्या तोंडी एक शब्द असायचा, ‘बॉयलरची मुदत आली.’ त्या दिवसांत ते उशिरा घरी यायचे. बेअरिंग हातानं, बॉयलर तारखेनं, असे दोन कायदे एकाच गिरणीत शेजारी शेजारी नांदत होते. आप्पा आणि मी दोघंही चुकलो ते एवढ्यातच की या डब्याला आम्ही बेअरिंगमध्ये धरलं.

मग याची मुदत किती?

इथे थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो गावाप्रमाणे बदलतो. डब्यातला सगळ्यात आधी थकणारा भाग म्हणजे ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आत ओला द्रव असलेले. पंखाही थकतो, पण तो बेअरिंगच्या जातीचा, ओरडून सांगतो. कपॅसिटरच्या अंगावर त्याचं आयुष्य लिहिलेलं असतं : ८५ अंश किंवा १०५ अंश. त्या तापमानाला तो अमुक तास, समजा २,००० तास, नीट टिकेल असा कंपनीचा शब्द. त्याहून दर दहा अंश गार ठेवला की आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ चा कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. मी दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस बसतो. २,४०० तास. सव्वातेरा वर्षं झाली. उत्तम.

पण हे कोणाच्या खोलीत? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो. माझी खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा. कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच चाळिशीची असेल तर आतलं सगळं गणित दहा अंशांनी वर सरकतं. ७५ अंशांवर तोच कपॅसिटर १६,००० तासांचा. पावणेसात वर्षं. आणि स्वस्तातल्या डब्यात ८५ चा कपॅसिटर असतो, त्याचे याच खोलीत ४,००० तास. पावणेदोन वर्षं. म्हणजे पुण्याचा मित्र ‘माझा दहा वर्षं चालला’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याची हवा बोलत असते. वर्षभर ४४ नसतं, जानेवारी आमच्याकडेही गोड असते, हे धरून हिशेब थोडा ढिला करा. आणि तास संपले म्हणजे त्या दिवशी स्फोट होतो असंही नाही, तो नेमून दिलेलं काम नीट करीनासा होतो एवढंच. १९९९ नंतरची काही वर्षं तर अशी होती की बाजारात सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर पसरले होते. डोकी फुगलेले, तपकिरी गळणारे. २००९ च्या माझ्या मदरबोर्डावर तसे तीन होते. त्यामुळे सगळा दोष त्या दुपारच्या लाइटवर टाकता येत नाही.

माझ्या डब्याचे अकरा वर्षांत २६,००० तासांवर गेले होते. मल्टिमीटर काही म्हणो.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन. ऐन लग्नसराईत हा गेला तर तू तासाभरात येशील, पण डिस्क घेऊन गेला तर काय करशील?” तो डोकं खाजवून हसला. “मग बदला काका. पण चांगला घ्या मग.”

नवी पेठेत गेलो. काउंटरवरच्या पोरानं पहिला डबा काढला, त्यावर ठळक ४५० वॅट. सातशे रुपये. मी हातात घेतला आणि परत ठेवला. चांगल्या डब्यात तांबं आणि ॲल्युमिनियम असतं, ते वजनाला लागतं. हा रिकाम्या टिफिनएवढा होता. मग स्टिकर वाचलं. बाराच्या तारेवर १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. आजच्या कॉम्प्युटरचं जवळजवळ सगळं ओझं बाराच्या तारेवर असतं, म्हणजे ४५० हे नाव झालं आणि कमाई १९२ ची. पोराला विचारलं तर म्हणाला, “सगळे हाच नेतात.” हे खरं आहे, आणि एवढ्याचसाठी वाईट वाटतं. लोक पंचवीस हजारांचा कॉम्प्युटर जोडतात, त्यात एलईडीचे दिवे लावलेलं कॅबिनेट घेतात, आणि ज्या एका डब्यावर सगळं टांगलेलं आहे तिथे सातशे रुपये वाचवतात. मीही २००२ साली तेच केलं होतं, फक्त दिवे नव्हते.

शेवटी साडेतीन हजारांचा घेतला. बाराच्या तारेवर छापील वॅटांच्या जवळ जाणारा आकडा, ८० प्लसची खूण, १०५ अंशांचे कपॅसिटर आणि पाच वर्षांची वॉरंटी. कंपनी किती वर्षांचा शब्द देते त्यावरून तिनं आत काय घातलंय याचा थोडाफार अंदाज येतो. पिशवीत पावणेदोन किलो भरला. मुलानं पंधरा मिनिटांत बसवला. लाइट गेली तेव्हा मुद्दाम उठून पाहिलं. पडदा हलला नाही.

जुना डबा टेबलाखाली राहिला. मुलगा जाताना म्हणाला, “हा ठेवू का काका माझ्याकडे? चालू आहे, कोणाच्या तरी कामाला येईल.” मनात आलं, द्यावा. चालू वस्तू टाकायची नसते, असं वाढलेली माझी पिढी. आमच्याकडे जुन्या चादरीचं पोतेरं होईपर्यंत चार जन्म होतात. पण कामाला येईल म्हणजे कोणाच्या? त्यालाच कोणीतरी दोन हजारांत जुना कॉम्प्युटर मागेल, शाळेतल्या पोरासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी. त्यात हा जाईल, पुसून, नवा पंखा लावून. आणि ज्याला जुना कॉम्प्युटर घ्यावा लागतो त्याच्याकडे यूपीएस नसतो, अर्थिंग नसतं, बॅकअप तर नसतोच. माझ्या घरातला बॉयलर मुदत संपली म्हणून काढायचा आणि शेजाऱ्याच्या घरात नेऊन पेटवायचा, असं ते झालं असतं. मी नाही म्हणालो. त्याला ते लागलं असावं, पण चहा घेऊन गेला.

दोन दिवस डबा तसाच पडू दिला, आतला साठा मरावा म्हणून. झाकण मात्र उघडलं नाही, आणि कोणी उघडू नये. मग मोठी कात्री घेतली, पत्रिकांचे पुठ्ठे कापायची, खंडेनवमीला हळदकुंकू लावलेली. चोवीस पिनांची ती रंगीत वेणी मुळाशी धरून कापली. मग बाकीच्या वायरी. एकदा कापलं की पुन्हा कोणी सहज जोडणार नाही.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण आमच्या गल्लीत रविवारी हातगाडी येते. गाडीवाल्यानं डबा उलटसुलट करून पाहिला.

“चालू हाय का?”

“बंद आहे,” मी म्हणालो.

त्यानं तो पत्र्याच्या भावानं मोजला. वायरी मी वेगळ्या दिल्या, त्या तांब्यात गेल्या.